मुक्या पडद्यावरची दासी

मंडईत भाजी आणायला गेले की स्कूटर आर्यन वाहनतळावर लावायची, ही माझी जुनी सवय. एकदा पावती फाडणाऱ्या मुलाला सहज विचारले, "आर्यन म्हणजे काय रे?" तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "पार्किंगचं नाव आहे, मावशी."

त्या पोराचे काही चुकले नाही. आज ते पार्किंगचेच नाव आहे. पण वाचकहो, एके काळी या नावाचे चित्रपटगृह मंडईला लागून उभे होते. गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली ते सुरू केले. पुण्यातले ते पहिले चित्रपटगृह. १९८३ साली ते बंद पडले आणि पाडले गेले. आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या पिढीने तिथे बाकड्यावर बसून सिनेमे पाहिले आहेत. शेजारच्या मंडईची इमारत त्याहून जुनी, १८८६ सालची. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला जोतीरावांचे नाव दिले गेले. पुण्याच्या कथा अशाच असतात. तो विषय पुन्हा कधीतरी.

आज सांगायचे आहे ते ७ फेब्रुवारी १९२० रोजी या आर्यनच्या पडद्यावर लागलेल्या एका मूकपटाविषयी. त्याचे नाव 'सैरंध्री'. काढला होता कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. आणि कथा घेतली होती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावरून.

सैरंध्री म्हणजे काय, हे आमच्या वस्तीतल्या बायांना सांगताना मी सोपा शब्द वापरला होता. दुसऱ्याच्या घरी राहून मालकिणीची वेणीफणी करणारी, तिचे कपडेलत्ते सांभाळणारी बाई. म्हणजे दासी. आजच्या भाषेत मोलकरीण.

झाले असे, की वर्षावासातल्या एका रविवारी विहारात ग्रंथवाचन आटोपल्यावर बायांनी मला थांबवून घेतले. "ताई, तुम्ही जुन्या सिनेमांचं वाचता, एखादी गोष्ट सांगा की," म्हणाल्या. येरवड्याची वस्ती. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त बाया सकाळी सहाला घराबाहेर पडून चार-चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मी सैरंध्रीची गोष्ट सांगितली. आपल्या घरात पुराणे पूजेला लावलेली नाहीत, ती कुणी मान खाली घालून ऐकत नाही. त्यामुळे गोष्ट ऐकताना प्रश्न विचारायला कुणाची भीड नसते. हा आपल्या घरांचा मोठा फायदा आहे, असे मला नेहमी वाटते.

गोष्ट थोडक्यात अशी. पांडवांचे वनवासाचे तेरावे वर्ष. या वर्षात ओळख लपवून राहायचे आहे. पाचही भाऊ आणि द्रौपदी विराट राजाच्या दरबारी नोकरीला राहतात. थोरला राजाशी सोंगट्या खेळायला, भीम मुदपाकखान्यात आचारी, अर्जुन राजकन्येला नाच शिकवायला, धाकटे दोघे घोड्यांकडे आणि गाईंकडे. द्रौपदी राणी सुदेष्णेची दासी होते. राणीचा भाऊ कीचक, राज्याचा सेनापती. राजा नावाला, खरी सत्ता याच्या हातात. त्याची नजर दासीवर जाते. दासी नकार देते. मग तो बहिणीकडे जातो. राणी दासीला हाक मारते आणि म्हणते, माझ्या भावाच्या वाड्यातून मद्य घेऊन ये. दासी हात जोडते, मला पाठवू नका म्हणते. राणी पाठवते. कीचक हात धरतो. ती हात सोडवून पळत भर दरबारात येते. तो मागोमाग येतो आणि राजासमोर, सगळ्यांसमोर तिला लाथ मारतो. राजा गप्प. थोरला नवरा तिथेच बसला आहे, तोही गप्प. ओळख फुटेल म्हणून. रात्री ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. पुढे भीम कीचकाला एकांतात गाठतो आणि मारतो.

मला वाटले होते, बाया भीमाच्या पराक्रमावर टाळ्या वाजवतील. तसे झाले नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी, ज्यांनी चाळीस वर्षे पेठेतल्या वाड्यांत आणि नंतर सोसायट्यांत भांडी घासली, त्या म्हणाल्या, "राणीनंच पाठवली ना तिला? ठाऊक असून?"

मी म्हटले, "हो. ठाऊक असून."

"मग राणीचं काय झालं?"

याला मजजवळ उत्तर नव्हते. गोष्टीत राणीचे काहीच होत नाही.

मावशींचा हा प्रश्न डोक्यात ठेवून मी घरी येऊन पुन्हा सगळे वाचत बसले. आणि ध्यानात आले ते असे, की या कथेवर त्या काळी पुण्या-मुंबईत एवढा गदारोळ झाला, सरकार हादरले, वर्तमानपत्रे तापली. पण त्या गदारोळात दासी कुणाला दिसलीच नाही.

नाटकातला कर्झन

खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले. टिळक मंडालेच्या तुरुंगात गेल्यावर काही काळ 'केसरी'ची जबाबदारी त्यांनीच वाहिली. 'कीचकवध' हे त्यांचे गद्य नाटक १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बंगालची फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती. ती करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हिंदुस्थान सोडून गेला होता, पण लोकांचा राग गेला नव्हता. थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला कीचकाच्या तोंडी कर्झनची भाषा ऐकू येई. सैरंध्री म्हणजे अपमानित हिंदभूमी, सोशिक थोरला भाऊ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे मवाळ, आणि भीम म्हणजे जहाल. हा अर्थ कुठे लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना कळत होता. साहेबालाही कळला. १९१० च्या जानेवारीत मुंबई सरकारने नाटकाच्या प्रयोगांवर बंदी घातली.

नाटक धाडसाचे होते, यात शंका नाही. पण जरा थांबून पाहू या. एका घरकाम करणाऱ्या बाईवर मालकिणीचा भाऊ हात टाकतो, ही घटना. तिचा अर्थ लावताना बाई भारतमाता झाली, लाथ फाळणी झाली, आणि पुण्याच्या ज्या वाड्यांतून हे नाटक पाहायला मंडळी जात होती, त्या वाड्यांच्या मागच्या दाराने येणाऱ्या-जाणाऱ्या कामवाल्या बायांचा विषय कुणाच्या मनातही आला नाही. देशाच्या अपमानाची चीड येते आणि मोरीपाशी बसलेल्या बाईचा अपमान दिसत नाही, ही जुनी खोड आहे. मी खाडिलकरांना दोष देत नाही. त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी म्हटले. पण आपण वाचताना आपल्या डोळ्यांनी वाचावे, इतकेच.

आणखी एक तारीख वाचकांना आठवून द्यावीशी वाटते. 'सैरंध्री' आर्यनला लागला तो शनिवार ७ फेब्रुवारी १९२०. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, शनिवार ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे धनंजय कीरांच्या चरित्रामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आणि याच सुमारास टिळकांनी 'सैरंध्री'चे कौतुक करून बाबूराव पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. एका आठवड्याच्या अंतराने महाराष्ट्रात दोन मुक्या गोष्टी बोलू लागल्या. एकीला शाबासकी मिळाली. दुसरीला जाहिरातीपुरतीही जागा मिळाली नाही.

बाबूरावांचा यात दोष काही नाही. उलट ते आपल्यासारख्याच हाताने काम करणाऱ्या घरातले होते.

सुताराच्या घरातला कॅमेरा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९०. वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, रंगकाम सगळे करणारे हरहुन्नरी कारागीर. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांच्या हातचे. लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसले. चित्रकलेच्या कुठल्या शाळेचा दाखला नाही, इंग्रजी शिक्षण नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तो पाहून या दोघा भावांना सिनेमाने झपाटले. विलायतेहून कॅमेरा मागवायला पैसा नव्हता, मग लेथवर स्वतःच कॅमेरा घडवायला बसले. काम अर्धवट असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन तो पुरा केला आणि त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' टिपला. कारखान्यात लेथवर उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले, त्या आपल्या वाचकांना या गोष्टीचे मोल मी काय सांगावे!

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८ च्या सुमारास उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांच्या पैशावर. गाणे म्हणून पोट भरणाऱ्या बाईकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहत असे ते वेगळे सांगायला नको. मैफलीला सगळे, ओळख दाखवायला कुणी नाही. सुताराच्या मुलाच्या हाताला भांडवल दिले ते अशा बाईने. शेठ-सावकारांना ते सुचले नाही.

आता मुख्य अडचण आली. सैरंध्रीचे काम करायचे कुणी?

नाटकात हा प्रश्नच नव्हता. तिथे स्त्रीची कामे पुरुष करीत. 'कीचकवध'च्या रंगमंचावर अपमान होत होता तो लुगडे नेसलेल्या पुरुषाचा. सिनेमातही सुरुवात तशीच झाली. 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांनी पुष्कळ शोध घेतला, अगदी वेश्यावस्तीतही जाऊन आले. एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत महिना १० रुपयांवर राबणारे अण्णा साळुंके यांना १५ रुपये कबूल करून त्यांनी तारामती केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्यामुळे वाट मोकळी झाली असे नाही. सात वर्षांनी बाबूरावांपुढे तीच अडचण होती.

आणि त्यांनी ती सोडवली. दोन बाया काम करायला तयार झाल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावे बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवण्यात आली.

या दोघींना काय मोजावे लागले, ते ऐका. सिनेमात काम केले म्हणून त्यांच्याच जातवाल्यांनी त्यांना वाळीत टाकले. राहत्या ठिकाणी राहणे अशक्य झाले, तेव्हा त्यांना कंपनीच्या स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. म्हणजे पाहा, पडद्यावर परक्याच्या वाड्यात आसऱ्याला राहिलेल्या बाईची गोष्ट चालली आहे, आणि पडद्यामागे ती गोष्ट सांगणाऱ्या बाया परक्याच्या आवारात आसऱ्याला आहेत. बहिष्कार हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. पाणी बंद, विस्तव बंद, बोलणे बंद. तो वरच्यांनी खालच्यांवर घातलेला आपण जाणतो. पण बाईवर तो तिची स्वतःची माणसेही घालतात, हेही कबूल केले पाहिजे. आजही एखादी पोरगी तमाशात, ऑर्केस्ट्रात, सिरियलमध्ये काम करू लागली की पहिली कुजबुज कुठून सुरू होते, हे प्रत्येकाने आपल्या आळीत पाहावे.

कीचकाचे मुंडके

१९२० सालच्या सिनेमाचा खेळ कसा असे, याची कल्पना आजच्या मुलांना यायची नाही. पडद्यावर आवाज नाही. पडद्याच्या अंगाला पेटी-तबलावाले बसलेले. प्रसंग पाहून ते वाजवणार. पात्रे ओठ हलवतात, मग चित्र थांबते आणि पाटीवर अक्षरे येतात. ज्याला वाचता येते तो मोठ्याने वाचतो आणि आजूबाजूचे दहा-वीस जण ऐकतात. पडद्याजवळच्या स्वस्त जागांवर हमाल, टांगेवाले, कामगार. माझ्या मते मूकपटाचा खरा आवाज तोच होता, अंधारात दुसऱ्यासाठी वाचणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचा. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या अक्षर पोचू दिले नाही, त्यांच्यासाठी तेवढाच एक मार्ग.

नाटकावरची बंदी तेव्हा अजून कायम होती. रंगमंचावर 'कीचकवध'चे संवाद म्हणायची चोरी होती. पण पडद्याला बोलताच येत नव्हते, मग बंदी घालणार तरी कशावर? जी कथा शब्दांत सांगायची मनाई, ती मुक्याने सांगून टाकली. प्रेक्षक मात्र सगळे समजून होते.

कीचकाचे काम झुंजारराव पवार यांनी केले होते आणि भीमाचे बाळासाहेब यादव यांनी. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब घेतला, की धडावेगळे झालेले मुंडके पाहून प्रेक्षकांत किंचाळ्या उठल्या, काहींना घेरी आली, असे सांगतात. पडदे रंगवण्यात आणि मूर्ती घडवण्यात हयात गेलेला कारागीर तो, त्याला हे अवघड नव्हते. शेवटी सेन्सॉरच्या अधिकाऱ्यांनी तेवढा भाग कापायला लावला.

मावशींचा प्रश्न मला इथे पुन्हा आठवला. नाटकाच्या वेळी सरकारला दिसला कर्झन. सिनेमाच्या वेळी सेन्सॉरला दिसले मुंडके. भर दरबारात बाईला लाथ बसते, राणी तिला जाणूनबुजून पाठवते, राजा पाहत बसतो, यातले काही त्यांना खुपले नाही. मारणाऱ्याचा मृत्यू भयंकर वाटला, तिचे जगणे भयंकर वाटले नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही जुन्या गोष्टीत नको ते शोधता. असेल. पण एक फरक तर उघड आहे. नाटकात सैरंध्री हे सोंग होते, लुगड्यातला पुरुष प्रयोग संपला की घरी जात होता आणि त्याला मान मिळत होता. पडद्यावर पहिल्यांदा त्या गोष्टीत खरी बाई उभी राहिली. तिच्याकडे भारतमाता म्हणून पाहायचे म्हटले तरी ती आधी बाई म्हणून दिसणार. तिला घर गमवावे लागले ते म्हणूनच, असे मला वाटते.

आज हा चित्रपट पाहायला मिळत नाही. त्याची प्रत शिल्लक नाही. मूकपटांच्या काळात हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांतले जेमतेम दोन-तीन डझन वाचले, तेही पुष्कळसे तुकड्या-तुकड्यांत. जुन्या फिती नायट्रेटच्या. उन्हाळ्याच्या गर्मीने कुजायच्या, ठिणगी पडली की भडकायच्या. कित्येक तर आतली चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' हे १९२७ चे चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाले आहेत. हे संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. बाबूरावांचे शिष्य दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ साली कंपनी सोडून प्रभात काढली, ती १९३३ साली पुण्यात आली. प्रभातच्या त्या जागेतच पुढे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. शांतारामांनी १९३३ साली हीच सैरंध्रीची कथा बोलपटात आणली, आणि तीही रंगीत. रंगाचे काम जर्मनीत करून घेतले, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. त्या सैरंध्रीला आवाज होता. पण मुकीच्या वेळी झाले तसे काही या वेळी झाले नाही.

राणीचे काय झाले?

पुढच्या रविवारी मी विहारात गेले तेव्हा मावशी होत्याच. मी त्यांना म्हटले, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत नाही, पण कायद्यात थोडं आहे."

मग आम्ही त्यावर बोललो. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हे दोघी-तिघींना ऐकून ठाऊक होते. एकीची सासू त्यात होती. २०१३ साली कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून कायदा झाला, हे मात्र बहुतेकींना फक्त ऑफिसवाल्या बायांचे वाटत होते. तसे नाही. त्या कायद्यात घरकाम करणारी बाई स्पष्टपणे धरलेली आहे, आणि ज्या घरात ती काम करते ते घर हे कामाचे ठिकाण मानले आहे. तिने तक्रार करायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. पुण्यात राहणाऱ्या भगिनींनी जिल्हाधिकारी कार्यालयात या समितीची चौकशी करावी, आणि एकटीने न जाता सोबत कुणाला तरी घेऊन जावे.

"आणि पाठवणारी?" मावशींनी विचारले.

मी म्हटले, "ती सगळं ठाऊक असून पाठवते, तेही तक्रारीत लिहायचं. तारीख, वेळ, काय म्हणाली, सगळं."

मावशींनी मान हलवली. पटले की नाही कळले नाही. मग म्हणाल्या, "त्या दोघी पोरींचं पुढं काय झालं? वाळीत टाकलेल्या?"

त्यांतल्या गुलाबबाईंचे, म्हणजे कमलादेवींचे मला सांगता आले. त्या सिनेमात राहिल्या. पाच वर्षांनी, १९२५ साली, बाबूरावांनी 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून. त्यात ना राजा, ना राणी. एक शेतकरी आहे, सावकाराचे कर्ज आहे. सावकार झाले होते झुंजारराव पवार, पूर्वीचे कीचक. तरुण शेतकऱ्याचे काम केले शांतारामांनी आणि कमलादेवी शेतकऱ्याची बायको झाल्या. अंधारात एक झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे, असे त्यातले दृश्य जुन्या माणसांच्या फार लक्षात राहिले होते. सावकार जमीन गिळतो. शेतकरी गाव सोडून शहरात येतो आणि गिरणीत कामाला लागतो.

एवढे ऐकून पुढे बसलेली एक तरुण मुलगी हसली. म्हणाली, "ताई, हा तर आमच्या आज्याचाच सिनेमा झाला की."

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आणि तिला तेव्हा राहायला घर मिळालं होतं का?"